मागच्या चाकाचा आउट

तीन दिवसांत तीनशे दहा किलोमीटर, आणि त्यातले पावणेतीनशेच्या वर धाकटीने एकाच पाठीकडे बघत काढले होते. पाठ तिच्या मैत्रिणीची, शिट्टीची. शिट्टी शाळेत खेळाची शिक्षिका. तिच्या गळ्यातली शिट्टी फक्त आंघोळीपुरती उतरते असं मुलं म्हणायची, तेच नाव पडलं. वारा तिन्ही दिवस समोरून होता. वाऱ्यात पुढचा राबतो आणि मागचा आयता ओढला जातो, म्हणून दर पाच किलोमीटरला आळीपाळीने पुढे व्हायचं, असं निघताना ठरलं होतं. पण धाकटी पुढे व्हायला गेली की शिट्टी म्हणायची, राहू दे, मला सवय आहे. पहिल्या दिवशी धाकटीने चार वेळा विचारलं, दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी विचारलंच नाही.

ही सफर इस्पितळाच्या हृदयरोग विभागाला आणखी एक रुग्णवाहिका मिळावी म्हणून होती. दोघींच्या टीशर्टवर धाकटीच्या बाबांचा फोटो छापला होता. दुकानातला, कानामागे पेन्सिल खोचलेला. धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नाही. त्या फोटोकडे मात्र बाबा गेल्यापासूनच्या चार महिन्यांत तिने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाकाचा आउट काढावा तर त्यांनीच. वाकडं फिरणारं चाक ते स्पोक आवळून, ढिले करून सरळ आणायचे, तेही निम्मं कानाने. एकेक स्पोक बोटाने छेडायचे आणि वेगळा वाजणारा सापडला की म्हणायचे, "हा बघ, रुसून बसलाय." सफर बाबा असतानाच ठरली होती, तेव्हा नुसती हौसेची; तिच्यासाठी त्यांनी धाकटीचं मागचं चाक नव्याने बांधून दिलं होतं आणि बजावलं होतं की शंभर किलोमीटर झाले की आणून दाखव, नवे स्पोक बसताना ढिले पडतात. शंभर झाले, दोनशे झाले. धाकटीचं आज नेते, उद्या नेते चाललं होतं. बाबांचा रोज सकाळी दुकानातून फोन यायचा, आणि चाकावर सुरू झाले की अर्ध्या तासाची निश्चिंती.

सरावाच्या त्या रविवारी मोठ्या चढावर फोन वाजला. बाबाच. मागून शिट्टी म्हणाली, "उचलू नकोस गं, लय तुटली की मेलीस. वर पोचून कर." वर पोचून केला, तो बाबांच्या दुकानाशेजारच्या शिंप्याने उचलला. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

ते वाक्य शिट्टीने गळ्यात बांधून घेतलं. आपणहून आईसमोर जाऊन बसली आणि सांगितलं, काकू, मीच उचलू नको म्हणाले. तेव्हापासून शिट्टी घरी आली की आई हातातलं काम उचलून आत जायची. शिट्टी तरी येत राहिली. धाकटी तिला "असं नको मनाला लावून घेऊस" म्हणाली खरी, पण त्यापुढे काही म्हणाली नाही.

आता सत्तावीस किलोमीटर उरले होते आणि धाकटीच्या मागच्या चाकात टणकन वाजलं. स्पोक तुटला होता. चाक दर फेरीला ब्रेकच्या रबराला घासू लागलं.

बंद पेट्रोल पंपाच्या सावलीत दोघी उतरल्या. बाबांनंतर धाकटीने त्या चाकाला कुणाला हात लावू दिला नव्हता. निघण्याआधी शिट्टीने सुचवलं तेव्हाही ती तोडून बोलली होती. आता इलाज नव्हता. शिट्टीने सायकल उलटी केली, पिशवीतून स्पोकचा पाना काढला आणि मांडी घातली.

"तुला कुठे येतं हे?"

"शिकले. शाळेतल्या भंगार सायकलींची चाकं होती ना, दोन महिने त्यांचा जीव घेतला." तिने तुटलेला स्पोक काढला, शेजारचे बोटाने छेडून पाहिले. "काकांचं एवढंच काम राहिलं होतं. माझ्यामुळे. म्हटलं, निदान हे तरी."

भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या साधेपणाने ती हे म्हणाली. धाकटी उभी होती ती खाली बसली.

"चढावरचा फोन दुसरा होता," ती म्हणाली. "पहिला मी घरून निघतानाच आला होता. साडेसहाला. मी बुटाची नाडी बांधत होते. वाटलं, चाकाचं पुराण लावतील. आवाज बंद केला. नंतर फोनमधून ती नोंद पण पुसून टाकली."

शिट्टीचा हात थांबला. "आणि चढावरचा?"

"पावणेआठ."

शिट्टीने मनाशी हिशेब केला. फार अवघड नव्हता. मग पुन्हा चाक फिरवलं, एक स्पोक आवळला, एक ढिला केला. धाकटीला वाटलं, हिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"चार महिने," शिट्टी शेवटी म्हणाली, "मी शिट्टी तोंडाला लावते आणि फुंकर निघत नाही. पोरं हसतात. मी टाळ्या वाजवून शिकवते."

"मला ठाऊक नव्हतं."

"तू विचारलं नाहीस." तिने सायकल सरळ उभी केली आणि हँडलची मूठ धाकटीच्या हातात दिली. "आता पुढे हो."

सत्तावीस किलोमीटर वारा धाकटीने अंगावर घेतला. पहिल्या चार किलोमीटरमध्येच मांड्या भरून आल्या. मागची बाई पावणेतीनशे किलोमीटर काय ओढत होती ते तिला आता पायांतून कळलं. मागे टायरचा आवाज कधी यायचा, कधी यायचा नाही. मागे वळून पाहायचा धीर तिला झाला नाही. चाक मात्र सरळ फिरत होतं.

इस्पितळाच्या फाटकात रिबन बांधली होती. विभागाचे डॉक्टर, परिचारिका, फोटो काढणारा. कडेला आई, हातात एकच टॉवेल. धाकटी रिबनच्या अलीकडे पाय टेकून थांबली. लोक "या, या" म्हणत राहिले. दोनेक मिनिटांनी शिट्टी आली.

"थांबलीस कशाला?"

"बरोबर जाऊ."

शिट्टीनेही पाय टेकला. रिबन दोघींनी मिळूनच तोडली. टाळ्या झाल्या. आई पुढे आली, धाकटीचा चेहरा पुसला, आणि शिट्टीकडे नजर न टाकता वळली.

धाकटीने आईचा हात धरला. "आई, थांब. त्या दिवशी बाबांचा पहिला फोन साडेसहाला आला होता. तेव्हा ही माझ्याबरोबर नव्हती."

आई हातातल्या ओल्या टॉवेलकडे बघत राहिली. फोटोवाला म्हणाला, जरा सगळ्यांनी इकडे बघा.