मिनेलाकडची कॉफी

रफिकने भरलेला कप खिडकीपाशी उजेडात ठेवला, कडेचा ओघळ बोटाने पुसला आणि फोटो काढला.

"पाठवू नकोस," त्याची बहीण मेवलिदा म्हणाली.

"पाठवला, ताई."

बोस्नियातल्या झेनित्सा गावच्या या स्वयंपाकघरातून मेवलिदा कॉफीचा ऑनलाइन ग्रुप चालवायची. इथली रीत अशी, की पाहुणा फार रेंगाळला की एक शेवटची कॉफी येते, म्हणजे 'आता निघा'. कुणी काही बोलत नाही. पाहुणा आपले बूट शोधू लागतो. ग्रुपवरही तसंच. कुणी बाळबोध प्रश्न विचारला की उत्तराऐवजी भरलेल्या कपांचे फोटो. वर्षभरात एकही नवा माणूस टिकला नव्हता. उरलेले सगळे तज्ज्ञ होते, आणि तज्ज्ञांना एकमेकांना विचारण्यासारखं काही नव्हतं.

आजची नवखी मिनेला. वाढली स्वीडनमध्ये, सध्या विसोकोला आजीच्या घरी. तिने लिहिलं होतं, 'उद्या घरी लोक येणार आहेत. कॉफी मलाच करायची आहे. जेझव्याच्या भांड्यात आधी पूड घालायची की आधी पाणी? कुणीतरी सांगा, प्लीज.'

"पूड की पाणी!" रफिक म्हणाला. "उद्या विचारेल, कपाची उघडी बाजू कुठली."

"तुला कुणी शिकवलं?"

"आईने."

"मग हिला कुणी शिकवायचं?"

"मी काय हिची आई आहे?"

तोवर मोस्तारहून, तुझलाहून, थेट व्हिएन्नाहून कप येत राहिले. मेवलिदा ग्रुपवरचे फोटो पुसायला बसली. एक पुसला की दोन यायचे. मग मिनेलाचा निरोप आला.

'सगळ्यांचे आभार. काल आजी गेली. इथे मी कुणालाच ओळखत नाही, आणि तुम्ही एवढ्या जणांनी माझ्यासाठी कॉफी ओतलीत. जमलं तर उद्या दुपारी या.' खाली पत्ता होता.

कपांचे फोटो थांबले. रफिकने फोन टेबलावर पालथा घातला.

"खरं काय ते सांग तिला," मेवलिदा म्हणाली. "तूच सांग."

तो बराच वेळ टेबलावरचा एक डाग खरवडत राहिला.

"विसोको काही फार लांब नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आजीच्या घरच्या छोट्या बैठकीच्या खोलीत माणसं मावेनात. शेजारणींच्या बाजूला, कधीच चेहरा न दाखवलेले तज्ज्ञ आपापल्या मोज्यांकडे बघत बसले होते.

"तुम्ही निळ्या कपाचे का?" मिनेलाने एकाला विचारलं.

"हो. फार वाईट झालं."

मिनेलाने तबक फिरवलं. कॉफी कोमट होती आणि वर पूड तरंगत होती. सगळ्यांनी रफिककडे पाहिलं. त्याने घोट घेतला. दातांखाली कचकच झाली.

"कशी झालीय, काका?"

"आजीने शिकवलं नाही का तुला?"

मेवलिदाने डोळे मिटून घेतले.

"शिकवणार होती," मिनेला म्हणाली. "मीच म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात."

रफिकने कॉफी संपवली, गाळासकट. मग खोलीभर नजर फिरवली.

"कुणाला जायची घाई आहे का?"

तुझलाच्या इब्रोची बस थोड्याच वेळात सुटणार होती. तो उठला, कोट काढून खुंटीला अडकवला आणि पुन्हा बसला.