कुंभकोणम्‌चा दुपारचा कंप

कल्याणरामचं नाक काळं दिसलं, की पृथ्वी ठीक चालली आहे असं गल्लीतले लोक समजत.

ही काही अंधश्रद्धा नव्हती. १९५८ साली जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून पृथ्वीची तब्येत बघायला घेतली होती. ठिकठिकाणी भूकंप मोजायची ठाणी बसवली होती, आणि सगळ्यांच्या नोंदी एका मोठ्या केंद्रात जमा होत. त्या साखळीतलं एक ठाणं कल्याणरामच्या घराच्या मागच्या खोलीत होतं. खोलीच्या मध्ये जमिनीत खोल पुरलेला दगडी खांब, खांबावर यंत्र, यंत्राला गोल फिरणारं पिंप, आणि पिंपाला गुंडाळलेला काजळी धरलेला कागद. सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत राही. जमीन हलली की रेघ हले. कागद रोज बदलायचा, आणि नवा कागद रॉकेलच्या चिमणीवर धरून काळा करायचा. हे काम कल्याणराम नाकासकट करत असे.

"घरात काजळ मी घालायचं की तुम्ही, हे एकदा ठरवून टाका," असं त्याची बायको पंकजा रोज सकाळी म्हणे आणि पदराच्या टोकाने त्याचं नाक पुसून त्याला शाळेत गणित शिकवायला पाठवी.

ठाण्यासाठी हेच घर का निवडलं, तीही एक गंमतच. केंद्राचा एक अधिकारी शांत जागा शोधत गावभर हिंडला होता. सरकारी बंगल्याशेजारी तांदळाची गिरणी निघाली. धर्मशाळेसमोर देवळाचा रथ उभा होता. तो वर्षातून एकदाच हलतो, पण हलतो तेव्हा कोणाचंच ऐकत नाही. शेवटी अधिकारी कल्याणरामच्या घरी आला. चूल थंड होती. आत्या अंबाबाई जप करत होत्या. पंकजा झोपाळ्यावर वाचत बसली होती, आणि झोपाळासुद्धा हलत नव्हता. अधिकाऱ्याने जमिनीवर यंत्र ठेवलं. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ.

"कावेरीच्या सगळ्या खोऱ्यात इतकं शांत घर नाही," असं म्हणून त्याने तिथल्या तिथे शिक्कामोर्तब केलं.

त्या दिवशी एकादशी होती. ते त्याने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

ठाणं सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात कल्याणरामला एक नवल दिसलं. रोज दुपारी, तो शाळेत असताना, रेघेवर एक बारीकशी लहर उमटत होती. हळू सुरू व्हायची, मग लयीत यायची, बराच वेळ चालायची आणि शेवटी समाधानाने थांबायची. भूकंप कधी समाधानाने थांबत नाहीत, पण हा थांबायचा. कल्याणरामचा त्याच्यावर जीव जडला. संध्याकाळी घरी आला की चहाच्या आधी तो कागद खिडकीशी धरी. "आज काय सुरेख आलाय बघ!" तो म्हणे. पंकजा हातावरचं पीठ धूत म्हणे, "असेल."

मद्रासच्या केंद्रात डॉक्टर सुंदरेश नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे मायवरम्‌चे, पण पुण्यात दहा वर्षं काढलेले. त्यांनी कुंभकोणम्‌चे कागद एकापुढे एक पसरले आणि त्यांना झोप येईना. हा कंप दर पंधरवड्याला एक दिवस बंद पडत होता, आणि तो दिवस नेमका चंद्राच्या अकराव्या कलेचा असे. शुक्लपक्षात अकरावी, कृष्णपक्षात अकरावी. समुद्राला भरती-ओहोटी असते, मग जमिनीला का नसावी? सुंदरेशांनी कल्याणरामला कळवलं: दसऱ्याच्या सुट्टीत मी स्वतः येतो. माझं म्हणणं खरं ठरलं तर कुंभकोणम्‌चं ठाणं कायमचं होईल.

कल्याणरामने आनंदाने घरभर फेऱ्या मारल्या, मग रेघ हलेल म्हणून एका जागी उभं राहून आनंद केला. आणि त्याच आनंदात त्याने घोटाळा केला.

"पंकजा, डॉक्टर येऊन जाईपर्यंत दुपारी रगड्यावर बसू नकोस."

घराच्या मागे परसात दगडी रगडा होता. इडलीचे तांदूळ आणि उडीद पंकजा रोज दुपारी त्यात वाटत असे. पंकजा थांबली. "का?"

"आपला कंप दुपारीच येतो ना. रगड्याची घरघर त्यात मिसळली तर? तो फार नाजूक आहे."

"आणि मी नाजूक नाही वाटतं?"

या प्रश्नाचं उत्तर हिशोब करून द्यायचं नसतं. कल्याणराम गणिताचा मास्तर होता. त्याने हिशोब केला.

"तशी तू धडधाकट आहेस," तो म्हणाला.

पंकजाने ट्रंक भरली. "तुमचा तो नाजूक कंप वाढील हो तुम्हाला जेवायला," असं म्हणून ती दुपारच्या गाडीने आडुतुरैला माहेरी गेली. जाताना त्याचं नाकही पुसलं नाही.

दुसऱ्याच दिवशी, सुट्टी लागताच, सुंदरेश आले. त्यांनी अंबाबाईंना पुणेरी मराठीत नमस्कार केला. आत्याबाईंनी तंजावरी मराठीत आशीर्वाद दिला, तो ऐकून सुंदरेशांना एखाद्या दरबारात उभं राहिल्यासारखं वाटलं. मग दोघे पुरुष यंत्रासमोर मांडी घालून बसले. दुपार झाली. रेघ सरळ. दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ सरळ. तिसऱ्या दिवशी इतकी सरळ, की सुंदरेश घामाघूम झाले.

"कल्याणराम, हे लक्षण वाईट आहे."

"यंत्र बिघडलं असेल?"

"यंत्र ठणठणीत आहे. मघाशी तुम्ही उसासा टाकलात तोसुद्धा दिसतोय. जमीन श्वास रोखून बसली आहे, समजलं? इतके महिने थोडा थोडा बाहेर पडणारा जोर आता आत साठतोय."

आणि त्यांनी पोस्टात जाऊन तार ठोकली. कुंभकोणम्‌ गप्प झालं आहे, सर्व ठाण्यांनी सावध राहावं. जगात कुठे कुठे, बर्फात आणि बेटांवर, माणसं आपापल्या पिंपांकडे टक लावून बसली.

कल्याणरामला पृथ्वीची काळजी वाटत होती, पण त्याहून जास्त घराची. झोपाळ्याकडे बघवत नव्हतं. आरशात नाक काळंच दिसत होतं. स्वतःचं स्वतः पुसलं तर ते नुसतं पसरत होतं.

त्या दुपारी अंबाबाईंनी पानात पुन्हा रव्याचा उपमा वाढला.

"आत्या, परत उपमा?"

"मग काय इडली वाटू या सांध्यांनी? एकादशीला तांदळाला शिवायचं नाही म्हणून उपमा करतो आपण. सून गेल्यापासून या घरात रोज एकादशीच आहे रे कल्याणा!"

कल्याणरामचा घास हातातच राहिला. रोज एकादशी. तो तसाच उठला आणि परसात गेला. रगड्यात एक सरडा निवांत बसला होता. त्याला हुसकून कल्याणरामने वरचा जड दगड धरला आणि एकदाच, हळूच फिरवला.

आतून सुंदरेशांची किंकाळी आली, "आला! आला!"

कल्याणरामने दगड सोडला.

"गेला!" सुंदरेश ओरडले. "अरेरे, काय हा वेडावाकडा! भेदरलेला दिसतोय!"

कल्याणराम कडुलिंबाखाली उभा राहिला. त्याला सगळे कागद आठवले. सुरुवातीची हळू लहर म्हणजे उडीद. मग जोरात, लयीत आले ते तांदूळ. एकदा कंप अगदी दणदणीत आला होता, तेव्हा केंद्राने खास अभिनंदन केलं होतं. त्या दिवशी तो पंकजाच्या भावाच्या मुलाचं बारसं विसरला होता. आणि रोज संध्याकाळी खिडकीशी उभं राहून तो जिचं कौतुक करत होता, ती मागे उभी राहून हात धूत "असेल" म्हणत होती.

सुंदरेशांना काहीही न सांगता तो स्टेशनकडे धावला.

आडुतुरैला त्याचे सासरे व्यंकोजी, म्हणजे त्याचे सख्खे मामाच, ओट्यावर भात निवडत बसले होते. भात-संशोधनाच्या कचेरीत ते कारकून होते, आणि तांदूळ सोडून इतर विषय त्यांना फारसे पटत नसत.

"मामा, पंकजा कुठे आहे?"

"मागे. वाटतेय. काय रे, तुमच्याकडे इडलीला कुठला तांदूळ वापरता? पोरीच्या हाताला जड जातो म्हणे."

पंकजा रगड्यावर बसली होती. तिने मान वर केली नाही. "काय, पाठवलं का डॉक्टरांनी? की कंपाला विचारून आलात?"

"पंकजा, तो कंप म्हणजे तू आहेस."

दगड थांबला. कल्याणरामने सगळं सांगितलं: एकादशी, उपमा, सरडा, किंकाळी. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि तो घाबरून जवळ गेला तर ती हसत होती.

"म्हणजे केंद्राने अभिनंदन केलं ते माझं?"

"तुझंच."

"आणि तुम्ही मला धडधाकट म्हणालात."

"शास्त्रीयदृष्ट्या ते..."

"अहो, पुरे."

"चल ना घरी. तू वाटायला बसलीस की कंप येईल, डॉक्टर खूष होऊन जातील, ठाणं कायम होईल. कोणाला काही कळणार नाही."

पंकजाचं हसू मावळलं. "वा! म्हणजे मी जन्मभर चोरून कंप होऊन राहायचं? मी वाटणार, आणि नाव चंद्राचं? नाही यायचं मला."

"पण खरं सांगितलं तर ठाणं जाईल. यंत्र उचलून नेतील."

"मग ठरवा," ती म्हणाली आणि दगड फिरवायला लागली.

या वेळी कल्याणरामने हिशोब केला नाही. "जाऊ दे ठाणं," तो म्हणाला. "आधी तू चल."

पंकजाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग पिठाचा हात धुतला, आणि ओल्या पदराने त्याचं नाक पुसलं. नाकावर तीन दिवसांची काजळी होती. बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याणराम सुंदरेशांना हाताला धरून परसात घेऊन आला. पंकजा वाटत होती. "डॉक्टर, हा आपला कंप," तो म्हणाला. "ही माझी बायको. चूक माझी आहे. यंत्र न्यायचं तर न्या."

सुंदरेश एकदा रगड्याकडे आणि एकदा घराकडे बघत राहिले. आत जाऊन रेघ बघून आले. मग परत आत गेले, परत आले. शेवटी पायरीवर बसले.

"एकादशीला बंद असतो?"

"तांदळाला शिवत नाही आम्ही," पंकजा म्हणाली.

"आणि एकादशी चंद्रावर ठरते."

"हो."

"मग माझं चुकलं कुठे?" सुंदरेश एकदम ताठ झाले. "कंपाचा चंद्राशी संबंध आहे असंच मी म्हटलं होतं. आहेच! मधे एक बाई बसल्या आहेत, हे तेवढं मला दिसलं नव्हतं."

अंबाबाई दारातून म्हणाल्या, "कोणालाच नसतं दिसत."

पंकजाने पदराआड हसू दाबलं.

"यंत्र नेणार का?" कल्याणरामने विचारलं.

"कशाला? भिंतीपलीकडे उडीद संपून तांदूळ सुरू झाले, एवढंसुद्धा ते सांगतं. इतकं प्रामाणिक ठाणं मला दुसरीकडे मिळायचं नाही. वाटायची वेळ कळवत जा, तेवढा भाग आम्ही वगळू. मात्र मी उद्या सकाळच्या इडल्या खाऊन जाईन. तीन दिवस उपम्यावर काढले आहेत मी, तेही पृथ्वीच्या चिंतेत."

सकाळी नऊ इडल्या खाऊन सुंदरेशांनी सर्व ठाण्यांना तार केली: कुंभकोणम्‌ पूर्ववत. कारण इडली. चिंता नसावी.

पंकजाची एक अट होती, ती त्याच दिवसापासून लागू झाली. सुट्टीच्या दिवशी दगड कल्याणराम फिरवी आणि ती कडेचं पीठ हाताने आत सारी. त्या दिवसांची रेघ बघवत नसे. "रविवारी कोण होतं?" सुंदरेश मद्रासहून विचारत. "त्यांना बाजूला बसवा. जमिनीला त्रास होतो."

असंच एका रविवारी दोघं वाटत बसलेले असताना पोस्टमन तार घेऊन परसातच आला. कुठल्याशा थंड बेटावरच्या ठाण्याने विचारलं होतं: इडली हा खडक आमच्याकडे आढळत नाही. तो ज्वालामुखीचा की गाळाचा, हे कृपया कळवावं.

कल्याणराम बुचकळ्यात पडला. दगड थांबला.

"फिरवा हो, थांबू नका," पंकजा पीठ आत सारत म्हणाली. "वाफेचा म्हणून कळवा."