बाहेरची मदत न घेता

पुनवेच्या दिवशी आमच्या फॅक्टरीच्या सहलीतल्या बारा कयाक वैतरणा नदीच्या चिखलात साडेचार तास रुतून बसल्या. ही घटना घडलेली नाही. जे घडलं नाही ते क्रमाने सांगतो.

बोईसरला आमच्या गेटवर ‘अपघाताविना दिवस’ असा फलक आहे. त्या रविवारी त्यावर ९९८ होते. हजार झाले की सुरक्षा अधिकारी केदारसाहेबांची पुण्याला बदली, असं हेड ऑफिसने लिहून दिलेलं. पुण्यात चारुतावहिनी आहेत आणि तीन वर्षांची मुलगी, जी साहेबांना मोबाईलमधले काका समजते. पण नियम असा, की कंपनीच्या सहलीत बाहेरची मदत घेतली तर तो अपघात. फलक शून्यावर.

वाट दाखवायला एडवणचा नवशाकाका आला होता. जन्म होडीत गेलेला माणूस. म्हणाला, “साहेब, आज पुनव हाय. दहाला निघा, भरतीसंगती वर जावा, साडेबाराच्या आत परत. मंग पाणी कोणासाठी थांबायचं नाय.”

“आधी सुरक्षा-सूचना,” साहेब म्हणाले.

लाइफ जॅकेटची शिट्टी कशी वाजवायची, यातच पाऊण तास गेला. वल्ह्याची दोन्ही टोकं सारखीच असतात, हे प्रश्नोत्तरांत निघालं. मग शपथ, मग शपथेचा फोटो. फोटोत अकाउंट्समधल्या हेमालीचे डोळे मिटलेले, म्हणून पुन्हा शपथ. दीड वाजता आम्ही अत्यंत सुरक्षितपणे ओहोटीत उतरलो.

“मी काठानंच येतो,” काका म्हणाला. “मला घरी जेवायचं हाय.”

तीनला नदी निघून गेली. आम्ही राहिलो.

“दोर टाकू काय?” काका काठावरून ओरडला.

“नको! तुम्ही बाहेरचे!”

“आमी बाहेरचे?” काकाने एकदा आपल्या गावाकडे बघून घेतलं.

तेवढ्यात काकाची बायको जमनाकाकू चिखलातले निवटे मासे पकडत, अंगणात चालावं तशी आमच्यामधून गेली. “काय रं, बसलाव काय? हलू नका, निवटं बुजतात.”

शेवटी साहेबांनाच मार्ग सुचला. नवशाकाकाला तात्पुरता कामगार करायचं, म्हणजे मदत आतली होईल. फॉर्म वॉटरप्रूफ पिशवीत होताच. फक्त नव्या कामगाराला सुरक्षा-सूचना देणं बंधनकारक. पूर्ण.

साहेब चिखलातून ओरडत राहिले, काका काठावर मान डोलवत राहिला. मध्ये काकूने त्याला भाकरी आणून दिली. आम्हाला दिली नाही. आम्ही मागितलीही नाही, कारण भाकरी बाहेरची. साडेसातला काकाने शपथेसाठी हात वर केला आणि खालून भरतीचं पाणी आलं. बाराही कयाक आपोआप तरंगल्या. दोर कोरडाच राहिला.

मंगळवारी फलकावर १००० झाले. दुपारी हेड ऑफिसचं पत्र आलं : इतका सुरक्षित माणूस बोईसरहून हलवणं धोक्याचं आहे. बदली रद्द. सहल आता दर पुनवेला.

साहेबांनी पत्राची घडी केली, उघडली, पुन्हा केली. मग मला अर्ज लिहायला बसवलं. तो असा :

‘प्रति, मा. अधिकारी, भरती-ओहोटी विभाग (असल्यास). पुढील पुनवेपासून ओहोटी आमच्या सुरक्षा-सूचना संपल्यावरच सुरू करावी. ते नियमात बसत नसल्यास, निम्नस्वाक्षरीकारास पुण्याला सोडावे, ही नम्र विनंती.’