आरशावरचा डोंगर

त्या घराण्याला सगळे नळीवाले म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. कुणा खापरपणजोबांनी एवढी लांब दुर्बीण केली होती, की तिचं डोळा लावायचं टोक स्वयंपाकघरात आणि भिंगाचं टोक चौकापलीकडच्या न्हाव्याच्या गच्चीवर. ग्रह जरा सरकला की इकडून हाक जायची, "सरकव रे!" बिचाऱ्याची निम्मी गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी घरी जात. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. लांबीचं कारण मात्र खरं. भिंगातून वाकताना प्रकाशाचा प्रत्येक रंग आपापल्या वाटेनं जातो आणि ताऱ्याला रंगीत झालर लागते. भिंग चपटं आणि नळी लांब केली, की झालर कमी.

अशा घरात ताईनं आरसे घासायला घेतले. आरसा सगळे रंग एकाच जागी परत धाडतो, झालरीचं नाव नाही. शिवाय भिंगाला नुसतं कडेनं धरावं लागतं, फार मोठं झालं तर आपल्याच वजनानं वाकतं. आरशाला पाठीमागून हवा तेवढा आधार देता येतो. बाबांना हे सगळं ठाऊक होतं. तरी म्हणायचे, "आरसा भांग पाडायला. आकाश बघायचं ते भिंगातूनच."

आज वेधशाळेच्या बाई आरसा तपासायला आल्या होत्या. पास झाला, तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे आरसे जोडून केलेल्या महादुर्बिणीत त्याला जागा. नाहीतर ताईची सगळी मेहनत पाण्यात. पडदे ओढले. आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एका बिंदूत गोळा होतो, तिथे बाईंनी दाढीचं पातं हळूच आडवं सरकवलं. आरसा निर्दोष असेल तर अख्खा एकदम करडा होतो. केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा उंचवटा असला, तरी डोंगरासारखा उभा राहतो.

डोंगर होता. अगदी मधोमध.

ताई ताडकन उठली. "काल नव्हता हो!"

"आज आहे," बाई म्हणाल्या.

ताईनं बाह्या सारल्या. "आत्ता घासून काढते."

"घासू नकोस!" कोपऱ्यातून बाबा ओरडले.

"का? बरंच वाटलं असेल ना तुम्हाला?"

"अगं बये, आधी नीट बघ तरी!"

तिनं रागारागानं पात्यामागे डोळा लावला. डोंगराला सोंडा होत्या. चार एकीकडे, पाचवी जाडसर, बाजूला फुटलेली, टोकाशी वाकडी. जन्मभर भिंगं घासून वाकडा झालेला बाबांचा तो अंगठा ताईनं लहानपणापासून पाहिला होता. काच तळहाताच्या उबेनं फुगली होती. आत्ता घासली असती, तर निवल्यावर तिथे खड्डा पडला असता.

सगळे काच निवायची वाट बघत बसले. डोंगर हळूहळू बसला, विरला. आरसा काठापासून काठापर्यंत एकसारखा करडा झाला.

"घेते मी हा," बाई म्हणाल्या. "असा दुसरा असेल तर तोही द्या."

ताईची मान ताठ झाली. "बाबा, आरशाला हात कुणी लावला? वर साळसूदपणे पुसूनही ठेवलाय."

"हात कसला? शाबासकी दिली."

"शाबासकी पाठीवर देतात. तुम्ही तोंडावर दिलीत!"

"त्याची पाठ भिंतीकडे होती," बाबा छताकडे बघत म्हणाले. "आणि तुझी सापडायला तू एका जागी बसतेस कुठे?"

ताईनं खुर्ची फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.

"ही घ्या," ती म्हणाली. "बेतानं हं. डोंगर यायचा."