च्युइंगगमखालचे वाक्य

मित्रांनो, पितळेलाही किळस येते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मला येते. नागरिकत्व कार्यालयाच्या प्रतीक्षागृहात टांगलेली मी एक जुनी पाटी. हा देश स्थापन झाला तेव्हा ठरलेले वाक्य माझ्यावर कोरले आहे : 'माणूस कुठे जन्मला, यावरून त्याची पायरी ठरणार नाही.'

एका म्हाताऱ्या कारागिराने तीन दिवस जीव ओतून ही अक्षरे कोरली. मला टांगले तेव्हा टाळ्या वाजल्या. पुढे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. खाऊन झाले की बडे साहेब तेलकट बोटे मला पुसत. चघळलेले च्युइंगगम तर हटकून माझ्याच अक्षरांवर चिकटवत. त्या लाळेचा वास आठवला की आजही मळमळते.

मग सफाईच्या कामाला मावशी आल्या. त्या परदेशातून आलेल्या. रोज ते च्युइंगगम खरवडत, लिंबाने मला घासत आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला शिकत. एकदा त्या शिपायाला म्हणाल्या, "माझ्या भावानं असंच काहीतरी भिंतीवर लिहिलं, तर त्याला उचलून नेलं. परत आलाच नाही. आणि इथं सरकार स्वतःच लिहून ठेवतं!"

शिपाई हसला. "मावशी, ते भिंतीपुरतं असतं हो."

"असू दे. लिहिलंय ना? मग विचारता येतं."

मावशींचा स्वतःचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. एका सकाळी साहेबांनी त्यांच्या हाती एक कागद दिला : 'अर्जदारांनी बाकावर बसू नये.' समोर पाय सुजलेले एक सुतार आजोबा भिंतीला टेकून कसेबसे उभे होते.

"हा त्या पाटीवर चिकटव. तेवढीच जागा रिकामी आहे."

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवले. "रिकामी नाही साहेब. तिथं लिहिलेलं आहे."

"तुझी फाईल माझ्याकडे आहे, विसरलीस?"

"नाही विसरले." त्यांनी कागद घडी करून परत टेबलावर ठेवला आणि आजोबांना हाताला धरून बाकावर बसवले.

त्याच दिवशी त्यांना मागच्या संडासांवर पाठवले. फाईल दोन वर्षे हलली नाही. साहेबांनी स्वतः डिंक थापून तो कागद माझ्या तोंडावर चिकटवला. त्याच्याआड मी काळवंडत राहिले.

अखेर फाईल मंजूर झाली आणि मावशींच्या नागरिकत्वाच्या शपथेचा दिवस उजाडला. मोठे पाहुणे येणार म्हणून माझ्यावरचा कागद घाईघाईने फाडला. साहेबांनी माझे वाक्य गहिवरल्या आवाजात वाचून दाखवले. इतकी शिसारी मला त्या च्युइंगगमचीही आली नव्हती! मावशींनी मात्र शपथेचा शब्द न् शब्द ठणठणीत उच्चारला.

"अभिनंदन! आता खूश ना?" पाहुण्यांदेखत साहेबांनी हात पुढे केला.

"खूप खूश. आता मी नागरिक झाले. नागरिकाची तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, असं नियमात वाचलंय." मावशींनी पिशवीतून अर्ज काढला. वर माझे वाक्य, खाली बाकाची हकिकत, शेवटी साक्षीदार म्हणून सुतार आजोबांची सही.

पाहुणे बघत होते. साहेबांनी शिक्का मारला. तो नीट उमटेना, म्हणून पुन्हा मारावा लागला.

मित्रांनो, मला जरूर घासा. पण चकचकीत वाक्य घाणेरड्या तोंडीही शोभून दिसते. म्हणून आधी मला वाचा, आणि मग जिथे विचारायला हवे, तिथे विचारा.