घरच्या खाण्यावर शिक्का नसतो

बेलार्मिनोने बिस्किटांचा पुडा उलटसुलट करून पाहिला. वर सरकारी इशाऱ्याचे काळे अष्टकोनी शिक्के होते, एक जास्त साखरेचा, एक जास्त चरबीचा. त्याने पुडा लेकीच्या हातात परत दिला.

"डॉक्टरनं बजावलंय. शिक्का असेल ते तोंडात घालायचं नाही."

"आणि हे?" यास्नाने टेबलावरच्या ताटलीकडे बोट केलं. डुकराच्या चरबीत तळलेल्या लाल भोपळ्याच्या पुऱ्या, सोपायपिया, अजून वाफाळत होत्या.

"यावर कुठंय शिक्का?" म्हणत त्याने एक उचललीसुद्धा.

यास्नाने कपाळावर हात मारला. "आई, तू तरी सांग ना यांना! आत्ता कुठे मरणाच्या दारातून परत आलेत."

एदुविनाने कढईतली शेवटची सोपायपिया ताटलीत ठेवली. हृदयाच्या झटक्यानंतर दवाखान्यातून आल्यापासून नवरा गप्प गप्प झाला होता. निदान खाताना तरी तो पूर्वीसारखा दिसतो, म्हणून ती रोज चहाच्या वेळी कढई चढवायची. तिचे हात भरून यायचे, तळणाचा वास नकोसा व्हायचा. आपल्याच हातांनी आपण याला मारतोय, या भीतीने तिची झोप उडाली होती.

यास्ना फणकाऱ्याने निघून गेली. बिस्किटं मात्र तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी एदुविनाने त्या पुड्यावरचा चरबीचा शिक्का कात्रीने कापला आणि ताटलीच्या काठावर चिकटपट्टीने लावला. सोपायपिया वाढून ती ओट्याला टेकून उभी राहिली. आता हा चिडणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

बेलार्मिनोने शिक्का पाहिला. मग ताटली हळूच बाजूला सारली.

"सुटलो बाई एकदाचा."

"म्हणजे?"

"घशाखाली उतरत नव्हतं गं. घासागणिक छातीकडे हात जायचा. पण तू एवढी राबतेस, नाही कसं म्हणायचं? त्यात पोरगी तुझ्या हातच्याला नावं ठेवायची, मग तर हट्टानं खायचो."

एदुविना खुर्ची ओढून बसली. तिला रडूही आलं आणि त्याचा भयंकर रागही आला.

"अरे म्हाताऱ्या, मग मी कोणासाठी तळत होते?"

कपातला चहा निवत चालला होता. त्याने कप पुढे ओढत विचारलं,

"मग उद्या चहाबरोबर काय करायचं?"

एदुविनाने बिस्किटांच्या पुड्याकडे पाहिलं; त्यावर साखरेचा शिक्का अजून तसाच होता.