गादीखालची जाळी

बसा मित्रांनो, पण आज जमिनीवर बसा. माझ्यावर पहिला मान तात्यारावांचा, आणि तो का, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे. मी वेताची एक जुनी खुर्ची. अंग सागवानी आणि बैठक वेताच्या पट्ट्यांनी विणलेली, बारीक जाळीची. जाळीतून वारा खेळतो, म्हणून वैशाखातही माझ्यावर बसणाऱ्याला घाम येत नाही. ही जाळी पहिल्यांदा विणली ती एका अंध कारागिराने. न बघता, नुसत्या बोटांनी! त्याचे मला आजही नवल वाटते.

पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत मी पुष्कळ वर्षे काढली. माझ्यावर बसून तात्याराव कारकुनी करत. पुढे कचेरीत फिरत्या खुर्च्या आल्या, आम्हा जुन्यांचा लिलाव झाला आणि तात्यारावांनी मला विश्रांतवाडीला घरी आणले. माझी जागा खिडकीशी ठरली. सकाळचा चहा माझ्यावर, पेपरही माझ्यावरच. पाहुणे म्हणत, "अशी खुर्ची हल्ली मिळत नाही हो!"

"म्हणून तर मी उठत नाही," तात्याराव म्हणत. मी मनातल्या मनात फुलून जात असे.

त्यांचा मुलगा समाधान कारखान्यात फिटर होता. स्वभावाने गोड, हाताने कुशल. पण दारूने त्याला धरले. नोकरी गेली, हात थरथरू लागले. एके संध्याकाळी तो पिऊन आला, माळ्यावरची पिशवी काढायला माझ्यावर चढला आणि त्याचा पाय माझ्या बैठकीतून आरपार गेला. मला दुखले, पण खरे वाईट पुढेच झाले. त्याने त्या भोकावर, माझ्यावर अधूनमधून असायची ती फुलाफुलांची गादी ठेवली आणि गुपचूप जाऊन झोपला. सकाळी तात्याराव नेहमीच्या भरवशाने बसले आणि गादीसकट खाली गेले. त्या क्षणी मला ओरडता आले असते तर!

त्यांचा खुबा मोडला. हाती वॉकर आला. "पाय गेला याचं मला काही नाही," ते सुनेला, शालनला, म्हणाले. "त्यानं वर गादी टाकली." त्या दिवसापासून ते मुलाशी एक अक्षरही बोलले नाहीत. समाधानने मान खाली घातली आणि तो स्वतःच्या पायांनी धायरीच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन दाखल झाला. मी बाल्कनीत धूळ खात पडले.

मग एका भेटीच्या दिवशी शालनने मला रिक्षात कोंबले. रिक्षावाल्याने वळून पाहिले. "ताई, बसणार कोण? तुम्ही की खुर्ची?"

"दोघी," शालन म्हणाली. "चला आता."

केंद्रात तिने मला नवऱ्यासमोर ठेवले. "अहो, इथे खुर्च्या विणायला शिकवतात ना? मग ही विणा. तात्या हिच्यावर पुन्हा बसले, तर तुम्ही घरी आलात असं मी समजेन."

तिथे विणकाम शिकवणारे श्रीधरकाकाही अंधच होते. समाधानने आपले हात पाठीमागे लपवले. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासमोरही! "काका, हात फार थरथरतात," तो पुटपुटला.

"थरथरू देत," काका म्हणाले. "तू वेत भिजवून मऊ ठेव आणि ओढताना घाई करू नकोस."

आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरक्या. पट्टी निसटायची, तुटायची. समाधान चिडून उठून जायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा. संध्याकाळी तलफ आली की तो मला घट्ट धरून बसायचा आणि मग पुन्हा पट्टी ओवायला घ्यायचा. मित्रांनो, ते हात माझ्या अंगावर होते, म्हणून सर्वांच्या आधी मला कळले की त्यांची थरथर कमी होत आहे. ज्या हातांना चहाचा कप धरवत नव्हता, ते एवढ्याशा भोकातून पट्टी बिनचूक बाहेर काढू लागले. मी थक्क होऊन बघत राहिले. खुर्चीला दुसरे येते तरी काय!

जाळी पुरी होत आली, तेव्हा त्याला एक चूक दिसली. मागच्या कडेला एक तिरकी पट्टी खालून जायची, ती वरून गेली होती. ती काढायची तर कितीतरी दिवसांचे काम उसवावे लागणार होते.

"काका, एकच पट्टी चुकलीय," तो म्हणाला. "पार मागे आहे. वर गादी येणारच. कुणाला दिसतंय?"

बोलला आणि थबकला. पुन्हा तीच गादी! समाधानने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून त्याने माझी वीण उसवायला घेतली. काकांनी त्या जागेवर बोट फिरवले. "बरं केलंस. चुकलेली पट्टी शेजारच्या पट्टीवर घासत राहते. जाळी तिथूनच तुटते."

मित्रांनो, मला उसवले जात होते, आणि इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

समाधान घरी आला तो मला खांद्यावर घेऊनच. त्याने मला खिडकीशी ठेवले. शालनने सवयीने ती फुलाफुलांची गादी माझ्यावर टाकली. तात्याराव वॉकर टेकत आले, गादी पाहिली आणि जागीच थांबले. समाधानचा चेहरा उतरला.

"गादी काढ," तात्याराव म्हणाले. ते समाधानकडे बघत होते.

त्याने गादी काढली. म्हाताऱ्याने माझ्या जाळीवरून तळवा फिरवला, मूठ दाबून पाहिली, वाकून मागची कडही पाहिली. मग वॉकर बाजूला सारला, पाठ वळवली आणि आपला सगळा भार माझ्यावर सोडला. नवा वेत करकरला. मी सगळा जीव एकवटून त्यांना तोलून धरले.

"शालन, चहा ठेव," ते म्हणाले. "तिघांचा."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच. घरातली वस्तू मोडली किंवा घरातले माणूस मोडले, तर वर गादी टाकून मोकळे होऊ नका. मोडलेले उजेडात आणा, चुकले तर उसवा, पण पुन्हा विणा. माणसाचे हात काय करू शकतात, हे मी अंगावर अनुभवले आहे.

आता जरा सरका. चहा झाला आहे आणि तात्याराव येत आहेत. हल्ली बसण्याआधी ते माझ्याकडे बघतही नाहीत.